आई सबरीन

जुमानाला दोन आया होत्या, आणि इमारतीत कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, एका रावियाखेरीज. राविया तिची सख्खी आई, सहाव्या मजल्यावरची. दुसरी सबरीन, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत राहणारी, दरवान शाझलीची बायको.

घडलं ते असं. जुमाना जन्मली आणि रावियाच्या छातीत गळू झालं, ताप डोक्यात चढला, डॉक्टरांनी बाळाला जवळ घ्यायला बंदी केली. बाटली तोंडाला लावली की पोर निळी होईस्तोवर रडायची. राविया इस्पितळात, घरी सासू आणि नवरा हातिम, दोघंही हवालदिल. ते रडणं सहा मजले उतरून सबरीनच्या कानावर गेलं. तिची निस्मा तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची होती. सबरीन वर आली, कुणाला काही न विचारता खाली बसली आणि पोरीला ओढणीखाली घेतलं. रडणं थांबलं. पुढं दोन महिने ती रोज सहा मजले चढून येत होती, कारण लिफ्ट बंद होती. आमच्या मनियल मोहल्ल्यात लिफ्ट चालू असली तर बातमी होते, बंद असली तर नाही.

रावियाच्या सासूबाई हज करून आलेल्या, धर्माच्या बाबतीत काटेकोर. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "हे बघा, आता या दोघी बहिणी झाल्या. दूधबहिणी. उद्या सबरीनला मुलगा झाला तर तो जुमानाचा भाऊ. त्यांचं लग्न लावायला जाल तर पाप लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

"बरं झालं आई," हातिम म्हणाला. "दरवानाशी नातं जुळलं. आता लिफ्ट तरी दुरुस्त होईल."

सगळे हसले. लिफ्टला आणखी वर्ष लागलं, नातं मात्र त्या दिवसापासूनच लागू झालं.

जुमानाला बोलता यायला लागलं तशी ती सबरीनला 'आई सबरीन' म्हणू लागली. दुपारी खाली पळायची, निस्माच्या ताटात हात घालून फूल नावाच्या घेवड्याच्या उसळीत भाकरी बुडवून खायची, आणि वर येऊन सबरीनच्या गावाकडच्या हेलात बोलायची. पाहुण्यांसमोर राविया कौतुकानं सांगायची, "आमच्या पोरीला गर्व म्हणून नाही हो. दरवानाच्या घरी जेवते." आणि पाहुणे गेले की पोरीला बसवून तिचे उच्चार सुधारायची. 'आई सबरीन' ही हाक जिन्यातून वर ऐकू आली की तिच्या काळजात बारीक काटा रुतायचा. ज्या दोन महिन्यांत आपण आई असायला हवं होतं ते महिने दुसरीच्या नावावर जमा झाले, हे तिला कधी गिळता आलं नाही.

"निस्माची आई म्हण गं," एक दिवस तिनं शिकवलं. "सगळे तसंच म्हणतात."

आमच्याकडं बाईला लेकराच्या नावानंच हाक मारतात, तेव्हा यात कुणाला वावगं दिसायचं कारण नव्हतं. जुमाना पाच वर्षांची होती. महिनाभर चुकली, मग शिकली. सबरीननं पहिल्यांदा 'निस्माची आई' ऐकलं तेव्हा ती जिना धूत होती. तिनं नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा फडकं पिळलं.

पण रावियाला वाईट बाई म्हणाल तर मी भांडेन. निस्माला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शाझलीचा बेत कोपऱ्यावरच्या शाळेचा होता, जिथं एका बाकावर चार पोरं बसत. रावियानं तो हाणून पाडला. ती त्याला घेऊन कचेऱ्यांतून हिंडली, आणि जुमानाच्याच शाळेत निस्माची जागा लावून दिली. ही शाळा सरकारी, पण इंग्रजीतून शिकवणारी, फी बेताची; म्हणून तिथं डॉक्टरांचीही मुलं यायची आणि भाजीवाल्यांचीही. दोघींना एकसारखी दप्तरं रावियानंच आणली. पहिल्या दिवशी दोन्ही पोरी हात धरून फाटकातून आत गेल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सबरीन म्हणाली, "राविया ताई, माझ्या पोरीचं नशीब तुम्ही उघडलंत." आणि ते खरंच होतं.

निस्मा हुशार निघाली. पाचवीत ती वर्गात पहिली आणि जुमाना चौथी. घर कुठं विचारलं की निस्मा सांगायची, "जुमानाच्याच इमारतीत." नातं विचारलं की जुमाना सांगायची, "आम्ही बहिणी आहोत." दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या. त्यापुढचं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जिन्याखालची खोली त्या दोघींत राहिली.

मग एके दिवशी शाळेच्या फाटकात इंगी भेटली. ही रीतालची आई. नवऱ्याचा संगमरवराचा कारखाना, हातात गाडीची किल्ली कायम फिरत.

"राविया, ती निस्मा तुझ्या नात्यातली का गं? जुमाना म्हणते, बहीण आहे. किती गोड पोर! रीतालच्या वाढदिवसाला क्लबमध्ये बोलवायचीय. तिचे वडील काय करतात?"

"इमारतीचं बघतात," राविया म्हणाली.

"अय्या, म्हणजे मालक?"

रावियाला नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण मागं दोघी-तिघी उभ्या होत्या, इंगी हसत होती, आणि तेवढ्यात घंटा झाली. राविया फक्त हसली. घरी येईपर्यंत ते हसू तिला चावायला लागलं. उद्या कळलं तर या बाया म्हणतील, हिनं दरवानाच्या पोरीला मालकाची पोर म्हणून खपवलं, आणि वर बहीण म्हणून मिरवलं. नात्यातली का, या प्रश्नालाही तिनं उत्तर दिलं नव्हतं. तोच तिला जास्त झोंबला होता.

रमजान जवळ आला. शाळेनं ठरवलं की दरसालप्रमाणं पिशव्या भरायच्या: तांदूळ, साखर, तेल, खजूर, डाळी. आयांच्या फोनवर मिस दालियाचा निरोप आला, तुमच्या माहितीतलं एखादं गरजू कुटुंब कळवा.

रावियानं लिहिलं, 'आमच्या इमारतीचा दरवान.' खाली पत्ता. नाव लिहायची गरज नव्हती. आमच्याकडं दरवानाला नाव कुणी विचारत नाही.

तिच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं. चांगलं होतं, अगदी चांगलं: पिशवी मोठी असते, सबरीनला महिना जाईल. दरवर्षी राविया स्वतः एक पिशवी द्यायचीच. उपास सुटल्यावर जुमाना ती घेऊन खाली जायची, सबरीन तिला पोटाशी धरायची, आणि दुसऱ्या दिवशी रावियाचंच ताट कुनाफानं, शेवयांच्या मिठाईनं भरून वर यायचं, कारण रिकामं ताट परत करायची आमच्यात रीत नाही. त्यात कधी कुणाची मान खाली गेली नाही. पण या वेळी त्या चांगल्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. पिशवी घेऊन शाळेतल्या आया येतील, इंगी येईल, जिन्याखालची खोली बघेल. जे दिसेल ते दिसेल, आपल्या तोंडून काही जायला नको. कोण देणारं आणि कोण घेणारं, एवढं एकदा स्वच्छ होईल, मग बहीणबिहीण कुणी विचारणार नाही. हे तिनं मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं.

पिशव्या वाटायच्या आदल्या दिवशी ती कचेरीत असताना मिसचा दुसरा निरोप आला. पिशव्या आया देणार नाहीत, पाचवीची मुलंच बसनं घरोघर जाऊन देतील. मुलांना दानाची सवय लागावी.

रावियानं निरोप पुन्हा वाचला. पाचवीची मुलं, म्हणजे निस्मासुद्धा. तिनं लिहायला घेतलं, 'कृपया आमचा पत्ता गाळा.' मग वाटलं, का म्हणून विचारतील. का, ते सांगायचं तर निस्मा कोणाची ते सांगावं लागेल, आणि मग इंगी म्हणेल, मालक म्हटलं तेव्हा तू तर हसली होतीस. तिनं लिहिलेलं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. संध्याकाळी ती सबरीनच्या दारावरून लिफ्टकडं गेली. दार उघडं होतं. सबरीन आत मसूर निवडत होती, म्हणाली, "या ना ताई." राविया म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी कचेरी लवकर सुटली आणि राविया येऊन इमारतीच्या दारात उभी राहिली. बस आली की दोघी पोरींना आधी उतरवून वर पिटाळायचं, असा तिचा हिशेब होता. शाझली नेहमीच्या बाकावर बसला होता. उपासानं ओठ सुकले होते, तरी म्हणाला, "बाई, आज खुर्ची आणू का?"

बस आली. जुमाना उडी मारून उतरली.

"आई! शेवटचं घर आपल्याच इमारतीत आहे!"

तिला काहीच कळलं नव्हतं. तिच्यामागं पायरीवर निस्मा आली. शेवटची पिशवी तिच्या वाट्याला आलेली. दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. तिला मात्र कळलं होतं. गल्लीत बस वळली तेव्हाच कळलं असणार, कारण चेहऱ्यावरचं सगळं आधीच पुसून झालं होतं. रावियाचा हिशेब तिथंच कोसळला. मागून रीताल, मिस दालिया, वीसेक मुलं सांडल्यासारखी खाली उतरली, आणि बसमागून आलेल्या आपल्या गाडीतून इंगी.

"दरवानाचं घर कुठलं?" मिसनं विचारलं.

शाझली उठला. लेकीला बघून त्याचा चेहरा आधी फुलला. "आली का माझी..." एवढंच बोलला, आणि निस्मानं त्याच्याकडं पाहिलं. पुढचा शब्द त्यानं गिळला. अंगरख्याचं वरचं बटण लावत म्हणाला, "आलात का पोरांनो. या, या."

गलबला ऐकून सबरीन बाहेर आली, पिठाचे हात ओढणीला पुशीत. समोर मुलांचा अर्धगोल, मध्ये तिची पोर.

"म्हण ना निस्मा, शिकवलं तसं," मिस म्हणाल्या.

निस्मानं पिशवी पुढं केली. "रमजान मुबारक, काकू," ती म्हणाली. "आमच्या वर्गाकडून ही छोटीशी भेट."

सबरीन हलली नाही. तिनं पोरीकडं पाहिलं, मग पोरीच्या डोक्यावरून मागं उभ्या असलेल्या रावियाकडं. फार वेळ नाही. रागानंही नाही. एखादी वस्तू ठेवली होती तिथं नाही, तेव्हा माणूस बघतं तसं. मग तिनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली.

"देव तुझं भलं करो, बाळ," ती म्हणाली. "तुझ्या आईला माझा सलाम सांग."

मिसनी फोटो काढला. इंगी रावियाच्या कानाशी म्हणाली, "किती समाधानी बाई आहे गं ही." आणि रीतालनं मोठ्यानं विचारलं, "निस्मा, तुझं घर कितव्या मजल्यावर?"

निस्मानं रावियाकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"आमच्याच मजल्यावर," राविया म्हणाली.

तिला वाटलं, वाचवलं पोरीला. निदान एवढं तरी केलं. निस्मा लिफ्टकडं चालू लागली, मागं गोंधळलेली जुमाना. सबरीन वाटेतून बाजूला झाली. एका हातात पिशवी तशीच होती. दुसऱ्या हातानं तिनं लिफ्टचं दार उघडून धरलं, इमारतीतल्या सगळ्यांसाठी धरायची तसं. पोर तिच्या हाताखालून आत गेली.

वर निस्मा सोफ्याच्या कडेला बसली, बूट न काढता. या घरात ती कधी बूट घालून बसली नव्हती. अजान व्हायला थोडाच वेळ होता.

"निस्मा, जा बाळ," राविया म्हणाली. "आई थांबली असेल उपास सोडायला."

"बस गेली का?"

"गेली."

"रीतालची गाडी?"

"तीपण गेली."

मग ती उठली आणि लिफ्ट समोर असताना जिन्यानं गेली.

अजान झाली. हातिमला कचेरीत उशीर होता, टेबलाशी दोघीच होत्या. रावियानं खजूर उचलला. जुमानानं पाण्याला हात लावला नाही.

"आपल्या इमारतीचं नाव कुणी दिलं?"

"मी दिलं," राविया म्हणाली. "मला काय माहीत गं मुलांना आणतील म्हणून. चांगल्यासाठीच दिलं."

"तिनं काकू म्हटलं," जुमाना म्हणाली. "स्वतःच्या आईला. मला तू शिकवलंस ना, तिला आई म्हणायचं नाही. आज निस्मापण शिकली."

रावियाच्या तोंडात खजूर तसाच राहिला. थप्पड मारायला तिचा हात उठला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला नाही, कारण पोर खोटं बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं खाली मांसाचं ताट पाठवलं, मोठं. दुसऱ्या दिवशी ते कुनाफानं भरून परत आलं. रीत म्हणजे रीत. पण ते शाझली घेऊन आला, निस्मा नाही. राविया लिफ्टपाशी दिसली की सबरीन आधीसारखीच हसायची, आधीसारखीच दार धरायची, फक्त आता 'राविया ताई' म्हणत नव्हती. 'बाईसाहेब' म्हणायची. अदब इतकी की बोट ठेवायला जागा नाही. शिव्या दिल्या असत्या तर रावियानं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

शाळेच्या गटात फोटो आला. एक पोर पिशवी देतेय, एक बाई घेतेय. दोघींची हनुवटी हुबेहूब एक. खाली आयांनी लाल बदामांची रास घातली, एकीच्याही लक्षात आलं नाही. निस्माचं गुपित सुरक्षित होतं. रीतालच्या वाढदिवसालाही ती गेली म्हणे, आणि तिथं कुणीतरी वडिलांचं विचारल्यावर तिनं न अडखळता सांगितलं की ते परदेशात असतात. हे जुमानानं घरी येऊन सांगितलं. आधी जे होतं ते न सांगणं होतं. हे पहिलं खोटं.

ते खोटं शाझलीपर्यंतही गेलं. कसं, कोण जाणे. दरवानाला इमारतीतलं काय कळत नाही? ईदच्या दोन दिवस आधी तो हातिमला म्हणाला, "साहेब, ईद झाली की पोरीला गावी आजीकडं ठेवतोय. तिथं पण शाळा आहे."

हातिमनं हे सांगताच राविया लिफ्टची वाट न बघता खाली धावली. सबरीन ईदची बिस्किटं करत होती. परातीत पीठ, साच्याचे ठसे घेऊन ओळीनं मांडलेले गोल. एरवी दोघी मिळून करत, यंदा बोलावणं नव्हतं.

"निस्माच्या आई, असं करू नका. वर्गात पहिली आहे ती. माझं चुकलं. नाव मी दिलं होतं."

"ठाऊक आहे मला," सबरीन म्हणाली. "बसा ना बाईसाहेब."

"बाईसाहेब नका म्हणू हो. मी शाळेत जाते, सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही कोण, निस्मा कोण, जुमाना तुमच्या दुधावर वाढली, सगळं सांगते."

"आता सांगून काय करणार?" सबरीननं हातातला गोळा साच्यात दाबला, काढला, पुन्हा मोडला. "पिशवीचं मला काही नाही. आयुष्य गेलं पिशव्या घेण्यात, तुमच्याही घेतल्या. त्या दिवशी पण मीच साथ दिली की तिला. म्हटलं, तिथं पोरांत तिची मान खाली जायला नको. घरी येईल, गळ्यात पडेल, दोघी रडू आणि संपवू." ती थांबली. "पण ती आली ती आंघोळ करून झोपली. आणि मग कळलं, बापाला परदेशी पाठवून आली."

"लहान आहे ती."

"म्हणूनच नेतोय. मोठी झाल्यावर नाही नेता येत." सबरीननं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "राविया ताई, तुमच्या लेकीला पाजलं ते तिनं मला आई म्हणावं म्हणून नाही पाजलं. तिचं तोंड तुम्ही फिरवलंत, मी कधी काही बोलले का? पण माझीनं तरी म्हणायला हवं ना."

राविया तिथंच चुलीजवळ बसून रडली. सबरीननं तिला पाणी दिलं, उपास आहे हे आठवून पेला परत घेतला, आणि ओला हात तिच्या तोंडावरून फिरवला. तापातून उठलेल्या रावियाला तिनं एकदा असंच पुसलं होतं. त्यामुळं तर रावियाला अधिकच रडू आलं. निर्णय मात्र बदलला नाही.

ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सबरीनचा भाऊ गावाकडची गाडी घेऊन आला. राविया बाल्कनीत उभी होती. खाली जायची तिची हिंमत झाली नाही. जुमाना जाऊन निस्माला भेटून आली होती, तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. आता ती कठड्याला धरून आईच्या शेजारी उभी होती. खाली निस्मा पुढच्या सीटवर बसली, मांडीवर दप्तर. तेच, रावियानं आणलेल्या जोडीतलं. शाझलीनं गाडीचं दार लावलं. गाडी फळवाल्याच्या दुकानापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. सबरीन रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली, हात अर्धा वर.

"आई सबरीन!"

जुमाना अर्धी कठड्याबाहेर वाकून ओरडली होती. सगळी गल्ली वर बघू लागली. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई, इस्त्रीवाला, ईदसाठी आलेले कुणाकुणाचे पाहुणे.

"आई सबरीन! थांब, मी येतेय खाली!"

रावियानं तिला अडवलं नाही. ती बाजूला सरकली आणि घराचं दार उघडून धरून उभी राहिली. पोर तिच्या हाताखालून निघून गेली, आणि चपलांचा आवाज जिन्यातून खाली खाली जात राहिला.

खाली सबरीननं हाक ऐकून चमकून पाहिलं होतं. पण वर नाही. आधी तिनं गाडी गेली त्या बाजूला पाहिलं.